पूल बांधायला निघालो आणि आणखी एक खोली बांधून बसलो

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा. ज्यांच्या घरातलं कुणी मोठ्या हॉस्पिटलात पंधरा-वीस दिवस पडून राहिलंय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना मेडिकल कॉलेजला जोडलेल्या एका रुग्णालयात दाखल केलं होतं. जुना मधुमेह, पायाला भरत नसलेली जखम. ते सर्जरीच्या युनिटखाली होते. साखर बघायला मेडिसिनचे डॉक्टर यायचे, डोळ्याच्या पडद्यासाठी नेत्रविभागाचे आणि दुपारी फिजिओथेरपीची मुलगी. सगळे मन लावून काम करणारे होते, हे आधीच सांगतो. माझी तक्रार माणसांबद्दल नाही.

एका संध्याकाळी सर्जरीच्या राउंडला ठरलं की उद्या सकाळी जखम साफ करायला ओटीत घ्यायचं, रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. हे सर्जरीच्या कागदावर लिहिलं गेलं. मेडिसिनच्या कागदावर सकाळच्या इन्सुलिनचा डोस होता तसाच राहिला. पोट रिकामं आणि इन्सुलिन पूर्ण. पुढचं मधुमेहींच्या घरच्यांना सांगायला नको. सकाळी वडील घामाघूम झाले, हात थरथरायला लागले, मला ओळखेनात. ड्यूटीवरच्या सिस्टर धावत आल्या, साखर तपासली, शिरेतून ग्लुकोज दिलं. वेळ निभावली.

दुपारी त्याच सिस्टरने एक कोरा कागद घेतला. कुठल्या विभागाने काय सांगितलंय, कधी काय द्यायचं, कधी काय बंद ठेवायचं, सगळं एकाखाली एक लिहिलं आणि कॉटच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावलं. पुढचे बारा दिवस येणारा प्रत्येक डॉक्टर आधी तो कागद वाचायचा आणि मग स्वतःची फाईल उघडायचा. गंमत म्हणजे तो कागद कुठल्याच विभागाचा नव्हता. त्याला नंबर नव्हता, छापील फॉर्म नव्हता, कुणाची सही नव्हती.

मी डॉक्टर नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे प्रश्न पडला तोही इतिहासाचाच. माणसाचं शरीर एक असताना त्याच्याभोवती या भिंती कुणी आणि का बांधल्या? त्या पाडायचा प्रयत्न आधी झाला नसेल असं शक्य नाही, मग त्याचं काय झालं? आपल्या नाशिकच्या वेशीवर, म्हसरूळला, सगळ्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ उभं आहे. दिंडोरी रोडने जाताना पाटी आपण रोज वाचतो. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

सुरुवात भिंतींपासून करू. त्या मूर्खपणाने बांधलेल्या नाहीत.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. त्या काळी एक विषय म्हणजे एक प्राध्यापक. शरीररचना एकाची, औषधं दुसऱ्याची, शस्त्रक्रिया तिसऱ्याची. ज्ञान वाढलं तसा एका माणसाचा विषय एका खोलीचा झाला आणि खोलीचा पुढे विभाग झाला. १९१० मध्ये अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल स्कूल्सची पाहणी करून अहवाल दिला. तिथे तेव्हा प्रयोगशाळा नसलेली, पैसे घेऊन पदवी देणारी दुकानं बोकाळली होती. त्याने सांगितलं, आधी दोन वर्षं पक्कं विज्ञान प्रयोगशाळेत शिका, मग दोन वर्षं रुग्णालयात. दुकानं बंद पडली आणि वैद्यकाला शिस्त आली. आपल्याकडे घडी ब्रिटिशांची होती, पण क्रम साधारण तोच: आधी मृतदेह, मग सूक्ष्मदर्शक, मग रुग्ण.

म्हणजे विभागांनी खोली दिली, ज्ञानाची खोली. (मराठीत हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, ते बरंच झालं.) अडचण पुढे सुरू झाली. विभागाला प्रमुख आला, जागा आली, पदं आली, परीक्षेचा पेपर आला, पदव्युत्तर जागा आल्या. आपल्याकडे कॉलेजला मान्यता देताना विभागवारच मोजणी होते: अमुक विभागात किती प्राध्यापक, किती सहयोगी, किती खाटा. माणसाची बढती विभागात, त्याचं संशोधन विभागाच्या नावावर. शेजारच्या विभागाला मदत केली तर तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. अशा घरात भाऊ-भाऊ बोलेनासे झाले तर नवल काय?

आता पाडापाडीचे प्रयत्न बघू. पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशातला, आणि त्याचा शेवट चटका लावणारा आहे.

१९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. तिचा अहवाल आला १९४६ मध्ये. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली ती याच अहवालातून. वैद्यकीय शिक्षणाबद्दल समितीचं म्हणणं असं होतं की डॉक्टर 'सामाजिक' हवा. रोग बरा करणं आणि रोग होऊ न देणं या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगळ्या राहता कामा नयेत. त्यासाठी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण प्रत्येक विद्यार्थ्याला मिळायला हवं. क्षयाच्या रुग्णाला औषध देताना त्याच्या खोलीला खिडकी आहे का, घरात लहान मूल आहे का, हे मेडिसिनच्याच डॉक्टरला सुचलं पाहिजे. कल्पना अशी की हा विचार सगळ्या विषयांतून वाहील.

झालं काय? त्या विचाराचा विभाग झाला. प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे आपलं पीएसएम. त्याला स्वतंत्र प्रमुख, स्वतंत्र पेपर, स्वतंत्र म्युझियम. मग बाकीच्या विभागांनी सुटकेचा श्वास सोडला. खिडकीचं, पाण्याचं, लसीचं, गावाचं? ते पीएसएमवाले बघतील! त्या विभागात फार मोठी माणसं होऊन गेली, देशाच्या आरोग्यासाठी त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण सगळ्या खोल्यांना जोडायला जो पूल निघाला होता तो कॉरिडॉरच्या टोकाची आणखी एक खोली होऊन बसला. विद्यार्थ्यांच्या लेखी पीएसएम म्हणजे पाठ करून पास व्हायचा विषय उरला.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

साधारण त्याच काळात अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात दुसरा रस्ता धरला गेला. जोसेफ वर्न हे तिथे १९४५ मध्ये डीन झाले. त्यांनी नवा विभाग काढला नाही, असलेल्या विभागांच्या हातातला सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता काढून घेतला. तो म्हणजे वेळापत्रक. १९५२ पासून तिथे अभ्यासक्रम विभागांचा न राहता सगळ्या अध्यापकवर्गाचा झाला. हृदय शिकवायचं असेल तर हृदयाची एक समिती. तिच्यात शरीररचनेचा माणूस, शरीरक्रियेचा माणूस, विकृतीशास्त्राचा माणूस आणि वॉर्डातला डॉक्टर. चौघांनी मिळून ठरवायचं की विद्यार्थ्याला काय, कधी आणि कोण शिकवणार. विद्यार्थी या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत धावत नसत. त्यांची जागा ठरलेली असे आणि वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक त्यांच्याकडे येत. आणखी एक गोष्ट: पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कुटुंब दिलं जाई, बहुतेक वेळा गरोदर बाई असलेलं. बाळ जन्मताना तो तिथे असे आणि पुढेही त्या घराशी संबंध ठेवी.

विभाग मोडले का? नाही. संशोधन, नेमणुका, पदव्युत्तर शिक्षण विभागांकडेच राहिलं. फक्त विद्यार्थ्याचा वेळ कुणा एकाच्या मालकीचा राहिला नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांत आज 'इंटिग्रेटेड टीचिंग' म्हणून जे बोललं जातं, त्याचं एक मोठं मूळ इथे आहे.

आता परत महाराष्ट्रात येऊ. १९६९ हे गांधी जन्मशताब्दीचं वर्ष. डॉ. सुशीला नायर म्हणजे गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या डॉक्टर, पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री. त्यांनी त्या वर्षी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथली पद्धत अशी की एमबीबीएसची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षाची मुलं शिबिराला गावात जाऊन राहतात, घरं वाटून घेतात, कुटुंबाची तपासणी करतात आणि पुढची काही वर्षं त्याच घरात जात राहतात. मूळ कल्पना क्लीव्हलँडच्या कुटुंबाशी जुळणारी आहे, पण इथे ती नई तालीमच्या मातीत उगवली.

गाव हे विचित्र प्रकरण असतं. तिथे विभागांच्या पाट्या चालत नाहीत. आजीचा मोतीबिंदू, सुनेचं रक्त कमी, पोराला खरूज आणि विहिरीचं पाणी गढूळ, हे सगळं एकाच ओसरीवर बसलेलं असतं. मुलाला एकाच घरासाठी चार विभागांची दारं ठोठवावी लागतात. चारही दारं उघडावी लागतात, कारण ते घर 'आपलं' असतं. तिथे सहकार्याचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

याच्या उलट उदाहरणही त्याच काळातलं आहे. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने सांगितलं की वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवा. त्यातून १९७७ मध्ये 'रोम' योजना आली, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाची पुनर्रचना. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गट दत्तक घ्यायचे आणि सगळ्या विभागांनी आळीपाळीने तिथे जायचं. ब्रिटनकडून मिळालेले मोठाले फिरते दवाखाने कॉलेजांना दिले गेले. कागदावर सेवाग्रामसारखंच. पण योजना वरून आली, ती कुणा एका विभागाच्या टेबलावर ठेवायची होती, आणि ती गेली (ओळखलंत ना?) पीएसएमच्या टेबलावर! बाकीच्यांच्या वेळापत्रकात, परीक्षेत, बढतीत काहीच बदललं नाही. त्या मोठ्या गाड्यांना आपल्याकडचे रस्ते मानवले नाहीत. योजना हळूहळू विझली.

सेवाग्राम टिकलं आणि रोम विझली. दोन्हीकडे गावं होती, डॉक्टर होते, इच्छाही होती. माझ्या मते फरक एवढाच की सेवाग्रामला गाव विद्यार्थ्याचं होतं आणि रोममध्ये ते विभागाचं होतं.

आता तुमच्या-माझ्या भाषेतली एक गोष्ट सांगतो. मुंबईचं केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज, दोन्ही १९२६ पासून एकाच आवारात. १९८०-९० च्या दशकांत तिथे औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. झाडाफुलांवर सुंदर ललित लिहिणाऱ्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. सर्जरीत डॉ. रवी बापट होते, केईएमच्या पाच नंबर वॉर्डाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते.

सर्जनपुढे एक कोडं होतं. पित्ताची नळी तुंबून कावीळ झालेले रुग्ण. शस्त्रक्रिया नीट होते, अडथळा निघतो, तरी त्यातले बरेच जण नंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरून दगावतात. अशा काविळीत शरीराच्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळायची आणि मारायची ताकद घटते. ती मोजायची कशी आणि वाढवायची कशी, याचं उत्तर सुरीत नव्हतं. ते औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतं. डहाणूकरांचा गट तेव्हा आयुर्वेदातल्या वनस्पतींवर आधुनिक कसोट्या लावून काम करत होता. त्यातली एक गुडूची, म्हणजे आपली गुळवेल. आधी उंदरांवर काम झालं आणि मग रुग्णांवर. १९९३ मध्ये डॉ. निर्मला रेगे, डॉ. बापट, डॉ. डहाणूकर आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ३० रुग्ण, दोन गट. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, एकाला सोबत गुळवेल. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४० टक्के आणि ९२.४ टक्के.

इथे दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. ३० रुग्णांचा अभ्यास छोटा असतो, त्यावरून कुणी घरी काढे उकळायला घेऊ नयेत. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेल मनाला येईल तशी घेतली. त्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. उलट हाच मुद्दा आहे: वनस्पती ओळखणारा, औषध मोजणारा आणि यकृत सांभाळणारा, हे तिघं एका टेबलावर नसले की गडबड होते.

मला त्या निबंधात रस आहे तो लेखकांच्या यादीमुळे. सर्जन आणि औषधशास्त्रज्ञ एका निबंधावर. कुठल्या परिपत्रकाने त्यांना एकत्र आणलं? पाच नंबर वॉर्डातल्या पिवळ्या पडलेल्या रुग्णाने आणलं. एकाकडे प्रश्न होता, दुसरीकडे मोजमाप होतं आणि रुग्ण दोघांचा होता.

आता आपल्या म्हसरूळच्या पाटीकडे येऊ.

डॉ. जे. एस. बजाज यांच्या समितीने १९८० च्या दशकात सुचवलं होतं की राज्याराज्यांत आरोग्य विज्ञानाची स्वतंत्र विद्यापीठं काढा. १९८६ मध्ये आंध्रने विजयवाड्याला पहिलं काढलं. महाराष्ट्राचं जून १९९८ मध्ये नाशिकला आलं. तोवर इथली वैद्यकीय कॉलेजं मुंबई, पुणे, नागपूर अशा विद्यापीठांत विखुरलेली होती. आता ॲलोपॅथी, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी असं सगळं एका छपराखाली. काही काळ कुलगुरूपदी डॉ. रवी बापटही होते. म्हणजे दोन विभागांमधली भिंत ओलांडून काम केलेला माणूस या विद्यापीठाच्या खुर्चीत बसून गेला आहे.

छप्पर एक झालं. भिंती गेल्या का? खरं सांगायचं तर विद्यापीठाच्या हातात तेवढं नव्हतंच. कारण या भिंतींचा पाया दिल्लीत आहे. नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा. फार्मसी आणि दंतवैद्यकाचे कायदे १९४८ चे. मेडिकल कौन्सिलचा १९५६ चा, भारतीय चिकित्सा पद्धतींचा १९७० चा, होमिओपॅथीचा १९७३ चा. गेल्या काही वर्षांत हे बहुतेक बदलले: वैद्यकाचा २०१९ मध्ये, आयुष पद्धतींचे २०२० मध्ये, फिजिओथेरपीसारख्या संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये नवा आयोग, दंत आणि नर्सिंगचे २०२३ मध्ये. कायदे नवे आले तरी रचना तीच राहिली. प्रत्येक व्यवसायाला स्वतंत्र आयोग, प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम.

२०१९ च्या कायद्यात एक कलम आहे, ५० वं. वैद्यक आयोग, होमिओपॅथी परिषद आणि भारतीय चिकित्सा परिषद यांनी वर्षातून किमान एकदा एकत्र बैठक घ्यावी, असं त्यात म्हटलंय. वर्षातून एकदा! आणि त्या बैठकीत नर्सिंगला खुर्चीच नाही. म्हणजे रुग्णाच्या उशाशी चोवीस तास जी असते तिच्याशिवाय.

फार्मसी तर आपल्या विद्यापीठाच्या छपराखालीही नाही. बी. फार्मची कॉलेजं इतर विद्यापीठांकडे आहेत. औषध लिहिणारा एका विद्यापीठाचा आणि ते देणारा दुसऱ्याचा. विद्यार्थिदशेत दोघांची गाठ पडायची सोयच नाही. पहिली भेट थेट केमिस्टच्या काउंटरवर, तीसुद्धा चिठ्ठीतून.

'हे असंच असतं' असं कुणी म्हणेल. तसं नाही. स्वीडनमध्ये लिनशॉपिंग म्हणून गाव आहे. १९८६ मध्ये तिथे आरोग्यशिक्षणाची विद्याशाखा नव्याने उभी राहिली. तिने सुरुवातच अशी ठेवली की डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होणारी मुलं पहिले आठवडे एकत्र शिकतील. १९९६ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. अस्थिरोगाचा एक खरा वॉर्ड, खरे रुग्ण, आणि तो चालवणार विद्यार्थी: मेडिकलचे, नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे, ऑक्युपेशनल थेरपीचे. पाठीशी अनुभवी माणसं उभी, पण सकाळी रुग्णाला उठवण्यापासून घरी सोडण्याच्या तयारीपर्यंत निर्णय मुलांच्या गटाचा. तिथे भावी डॉक्टरला रुग्णाची चादर बदलायला लागते. मग त्याला कळतं की नर्सकडे अशी माहिती असते जी कुठल्याच रिपोर्टात येत नाही. ही पद्धत पुढे इतर देशांनीही उचलली.

तेव्हा इतिहास काय सांगतो? माझ्यापुरता मला त्यातून एक धडा दिसतो. सहकार्यासाठी जिथे जिथे नवा विभाग, नवा कक्ष, नवी योजना काढली, तिथे ती आणखी एक खोली झाली आणि इतरांना हात झटकायला जागा मिळाली. आणि जिथे काहीतरी सामायिक करून टाकलं, क्लीव्हलँडला वेळ, सेवाग्रामला गाव, केईएमला रुग्ण, लिनशॉपिंगला वॉर्ड, तिथे लोक कुरकुरत का होईना एकत्र आले. आपल्याकडेही वाटणीनंतर भाऊ एकमेकांकडे जात नाहीत, पण विहीर सामायिक असेल तर बोलावं लागतंच.

हे आज का लिहितोय? कारण आत्ता संधी आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू आहे. त्यात विषय एकमेकांशी जोडून शिकवायचे, पहिल्या वर्षापासून रुग्ण दाखवायचे, संवाद आणि नीती शिकवायची, असं सगळं आहे. २०२२ पासून विद्यार्थ्यांनी कुटुंबं दत्तक घ्यायची, हेही आलं. सेवाग्रामचंच बीज देशभर पेरलं गेलं म्हणा. पण माझी भीती तुम्हाला कळली असेल. कुटुंब दत्तक? 'ते कम्युनिटी मेडिसिन बघेल.' पीएसएमचं नाव बदललं, टेबल तेच. संवादकौशल्य? 'ते मेडिकल एज्युकेशन युनिट बघेल.' रोमच्या गाड्या पुन्हा दारात उभ्या आहेत.

म्हणून एक सामान्य नाशिककर म्हणून तीन गोष्टी मागतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

एक, कुटुंब फक्त मेडिकलच्या मुलाला देऊ नका. एकाच घरात मेडिकलचा एक, नर्सिंगची एक आणि आयुर्वेद किंवा फिजिओथेरपीचा एक, असे तिघे मिळून पाठवा. एकट्या नाशिक शहरात एकाच विद्यापीठाची या सगळ्या शाखांची कॉलेजं आहेत. परवानगीला दिल्लीला जायची गरज पडू नये, कारण अभ्यासक्रम कुणाचाच बदलत नाही, फक्त दार एक होतं.

दोन, त्याला गुण द्या आणि शिक्षकांना श्रेय द्या. ज्याचे मार्क नाहीत ते मुलं वाचत नाहीत, आणि ज्याची बढतीत नोंद नाही ते मास्तर करत नाहीत. मी स्वतः मास्तर होतो, त्यामुळे हे अधिकाराने सांगतो. वर्षातून एक प्रात्यक्षिक परीक्षा अशी ठेवा की समोर एक रुग्ण आणि तिन्ही शाखांच्या मुलांना मिळून एकच कागद लिहायचा: याला काय झालंय, कोण काय करणार, कधी करणार.

तीन, सिंहस्थ. २०२७ मध्ये लाखो लोक गोदेच्या काठी येणार. उन्हाने, गर्दीने, पाण्याने, पायांच्या फोडांनी, साखर वरखाली होऊन किती जण आजारी पडतील याचा हिशेब नाही. तिथे भाविकाला विभाग कळणार नाही. प्रत्येक शाखेचा वेगळा तंबू आणि वेगळा बॅनर लावण्यापेक्षा प्रत्येक तंबूत सगळ्या शाखांची मुलं मिसळून ठेवा. महिनाभर एका तंबूत राबलेली मुलं पुढे तीस वर्षं एकमेकांना फोन करतील.

आणि चौथी गोष्ट मागत नाही, उलट नको म्हणतो. कृपा करून 'आंतरविभागीय समन्वय कक्ष' काढू नका. त्याला एक संचालक येईल, दोन लिपिक येतील, तीन महिन्यांनी एक बैठक होईल आणि इतिवृत्तात 'पुढील बैठकीत चर्चा करण्यात येईल' असं लिहिलं जाईल. खोल्या पुष्कळ झाल्यात.

वडील त्या वेळी बरे होऊन घरी आले. अंगठा गेला, पाय वाचला. पुढे चार वर्षं चालत रोज सकाळी दूध आणायला जात होते. डिस्चार्जच्या दिवशी फाईल रेकॉर्डला जमा झाली. सिस्टरचा कागद मात्र कुणालाच नको होता, कारण तो कुठल्याच फाईलचा नव्हता. मी तो काढून घडी घालून आणला. अजून कपाटात आहे. वर चिकटपट्टीचे पिवळे डाग आहेत, आणि सर्जरीचं, मेडिसिनचं, डोळ्यांचं, फिजिओचं सगळं एकाच हस्ताक्षरात आहे.